बोट लागले, पण नेमके कुठे?

टच-स्क्रीन कशी चालते, असे वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते. ‘आपले शरीर विजेचे वाहक आहे. बोट टेकले की वीज बोटात जाते आणि फोनला स्पर्श कळतो.’ वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मुलांसाठीच्या माहितीपर पुस्तकांत हेच उत्तर थोड्याफार फरकाने वाचायला मिळते. आपणही ते कधी ना कधी दिलेले असते. हे स्पष्टीकरण अगदीच खोटे नाही, पण ते अर्धे आहे. आणि गाळलेल्या अर्ध्या भागातच खरे विज्ञान आहे, अशी माझी तक्रार आहे.

आधी या स्पष्टीकरणाची एक साधी परीक्षा घेऊ. पडद्यावर कागदाचा एक पातळ तुकडा ठेवा आणि वरून बोट लावा. बहुधा फोन प्रतिसाद देईल. कागद तर विजेचा दुर्वाहक आहे. मुळात पडद्यावरची काचही दुर्वाहकच आहे. मग वीज बोटात ‘गेली’ कशी? आता एकावर एक कागद वाढवत जा. एका टप्प्यावर फोन गप्प होईल. किती कागदांनंतर, हे मुलांना मोजू द्या. अर्धे स्पष्टीकरण इथे अडखळते. धारकतेची कल्पना मात्र उपयोगी पडते. दोन वाहकांमध्ये दुर्वाहक असला की त्यांची जोडी प्रभार साठवू शकते. साठवण्याची ही क्षमता म्हणजे धारकता. वाहकांमधले अंतर वाढले की ती घटते.

काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडसारख्या पारदर्शक वाहकाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते. आडव्या पट्टीवर वेगाने बदलणारा विद्युतदाब दिला जातो आणि उभ्या पट्टीवर त्याचा किती परिणाम पोचला, हे मोजले जाते. बोट जवळ आले की विद्युतक्षेत्राचा थोडा भाग बोटाकडे वळतो आणि त्या ठिकाणी पट्ट्यांमधली धारकता किंचित कमी होते. एका छेदबिंदूची धारकता साधारण एक पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे फॅरडच्या लाख कोटीव्या भागाएवढी. बोटामुळे होणारा बदल त्याचाही लहानसा अंश.

इथवर ‘बोट लागले का?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले. १९७० च्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे यांनी सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉनच्या नियंत्रण कक्षासाठी धारकतेवर चालणारा पडदा तयार केला. त्यावर १६ ठरावीक जागा होत्या. तिथे ‘कोणते बटण?’ एवढेच कळले तरी पुरे होते. आपले प्रचलित स्पष्टीकरण त्या पडद्याला शोभते. आजचा फोन मात्र ‘नेमके कुठे?’ हे सांगतो, आणि त्याबद्दल ते स्पष्टीकरण मूग गिळून बसते.

पट्ट्यांमधले अंतर साधारण ५ मिलिमीटर असते, तरी बोटाची जागा मिलिमीटरच्या आत कळू शकते. हे कसे? बोट एकाच पट्टीवर नसते. शेजारच्या पट्ट्यांवरही त्याचा थोडा परिणाम होतो. समजा १०, १५ आणि २० मिलिमीटरवरच्या तीन पट्ट्यांवर अनुक्रमे १०, ६० आणि ३० एकक बदल मोजला. प्रत्येक अंतर त्याच्या बदलाने गुणून बेरीज करा: १०० + ९०० + ६००, म्हणजे १६००. बदलांच्या बेरजेने, म्हणजे १०० ने, भागा. उत्तर १६ मिलिमीटर. गुरुत्वमध्य काढताना हेच गणित आपण शिकवतो! म्हणजे अचूकता पट्टीत नाही, तुलनेत आहे.

पण मोजमापात भेसळ होते. चार्जर जोडला की त्याच्याकडून विद्युत गोंगाट येऊ शकतो. खालचा प्रदर्शक पडदाही गोंगाट करतो. वरच्या उदाहरणात ३० च्या जागी ४० वाचले गेले, तर उत्तर सुमारे १६.४ येते. उपाय म्हणून अनेक वाचनांची सरासरी घेता येते. चार वाचनांच्या सरासरीने स्वैर गोंगाट निम्मा होतो. पण वाचन दर १० मिलिसेकंदांनी होत असेल आणि बोट सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने सरकत असेल, तर अशी सरासरी बोटाच्या ३ मिलिमीटर मागे राहते. स्थिर बोटाची अचूकता वाढवताना सरकत्या बोटाची अचूकता हातची गेली. म्हणून अभियंते गोंगाट कमी असलेली दुसरी वारंवारता निवडणे यांसारखे मार्गही वापरतात.

दुसरा प्रश्न उंबरठ्याचा. किती बदल झाला म्हणजे ‘स्पर्श’ मानायचा? उंबरठा खाली ठेवला तर पाण्याचा थेंबही बोट ठरू शकतो. वर ठेवला तर कष्टाने घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटाचा क्षीण संकेत नाकारला जाऊ शकतो, कारण जाड निर्जीव त्वचा कागदाच्या थरासारखेच काम करते. हा निर्णय निसर्गनियमाने ठरत नाही. कोणाची गैरसोय चालेल, हे माणसे ठरवतात. फोन ऐकत नाही म्हणून एखादे आजोबा स्वतःलाच अडाणी समजतात, तेव्हा आपले अर्धे स्पष्टीकरण त्यांच्या मदतीला येत नाही. ‘शरीर वाहक आहे’ एवढेच शिकलेला नातू त्यांना काय सांगणार?

आणखी एक गोष्ट. बोट जाड म्हणून चूक होते, असे सर्रास म्हटले जाते. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या हासो प्लाटनर संस्थेतील क्रिस्टियान होल्त्स आणि पाट्रिक बाउडिश यांनी २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या समजुतीला धक्का दिला. नेम धरताना माणूस बोटाच्या वरच्या, दिसणाऱ्या बाजूचा, उदाहरणार्थ नखाचा, आधार घेतो. पडदा मात्र खालच्या टेकलेल्या भागाचा मध्य मोजतो. दोन्हींत फरक पडतो. बोटाचा कल आणि माणूस यांनुसार तो बदलतो, पण तो बराचसा पद्धतशीर असतो. पद्धतशीर चूक ओळखता आली तर ती दुरुस्तही करता येते. वजनकाट्याची ‘शून्यचूक’ शिकवताना आपण हेच सांगतो ना?

म्हणून प्रचलित उत्तराच्या जागी मी एवढेच सुचवेन: ‘बोट जवळ आल्याने धारकता किंचित बदलते. शेजारच्या अनेक जागांवरील बदलांची तुलना करून बोटाची जागा काढतात. गोंगाट, उंबरठा आणि नेम धरण्याची आपली सवय यांमुळे त्यात चूक होते, आणि ती कमी करता येते.’ वाक्ये तीनच आहेत. पहिले उत्तर याहून लहान होते. पण त्याने प्रश्न संपत होते. या वाक्यांपाठोपाठ मुले विचारतील, ‘ओल्या बोटाचे काय? हातमोज्याचे काय?’ मग कागदाचे तुकडे आणि मोजपट्टी काढावी लागेल. तास थोडा लांबेल, एवढेच.