रिपेअर रेट: आधी छेद विचारा, मग टक्का

बांधकाम प्रकल्पांच्या अहवालात एक ओळ हमखास भेटते: ‘वेल्डिंगचा रिपेअर रेट ३ टक्के, मर्यादेच्या आत.’ संशोधनाची तयारी करत असाल तर ही ओळ वाचून तसेच पुढे जाऊ नका. छेद माहीत नसेल तर हा टक्का काहीच सांगत नाही.

साधं गणित करू. प्रत्येकी १ मीटर लांबीचे १०० जॉइंट आहेत. सगळे तपासले. ४ जॉइंटमध्ये प्रत्येकी ५० मिलिमीटर भाग दुरुस्त करावा लागला. जॉइंट मोजले तर रेट ४ टक्के. लांबी मोजली तर १ लाख मिलिमीटरमध्ये २०० मिलिमीटर, म्हणजे ०.२ टक्के. काम तेच, वेल्डर तेच, आकड्यात फरक वीसपट!

दुसरी गोम नमुन्यात आहे. २० जॉइंट तपासले, एकातही दोष नाही. रेट शून्य, छान वाटतं ना? पण खरं दोषप्रमाण १४ टक्के असलं, तरी असा शून्य येण्याची शक्यता जवळजवळ ५ टक्के असते. तेही नमुना यादृच्छिक निवडला असेल तर. कॉन्ट्रॅक्टरनेच जॉइंट निवडून दिले असतील, तर हा हिशेबही लागू नाही.

मग मर्यादा ठरवूच नये का? ठरवावी, पण ती वेल्डरनिहाय बघावी. पाइपिंगच्या एएसएमई बी ३१.३ या संहितेत नमुन्यातला जॉइंट नापास झाला, की त्याच वेल्डरचे आणखी दोन तपासतात. हे शहाणपणाचं आहे, कारण प्रकल्पाच्या ३ टक्के सरासरीत एकाचे १५ टक्के सहज लपतात. आणि बिल जर या मर्यादेवर अडणार असेल, तर एक्स-रे फिल्म वाचणारा माणूस कॉन्ट्रॅक्टरचा नको.

हे फक्त पाइपलाइनपुरतं नाही. आमचं गाव आरोंदा, तेरेखोल खाडीकाठी. आमच्याच जिल्ह्यात, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं दिल्याचं वृत्तपत्रांत आलं. बातमी इथे संपते, आपलं काम इथून सुरू होतं. जॉइंट किती होते? तपासले किती? निवडले कोणी? दुरुस्तीनंतर पुन्हा तपासले का?

आणखी एक. रिपेअर रेट तपासणीच्या दिवसापुरताच बोलतो. नंतरचा खारा वारा आणि पावसाळे त्यात येत नाहीत. त्यामुळे किनाऱ्यावरच्या कामात गंजाची तपासणी वेगळी, ठरावीक काळाने व्हायलाच हवी.

पुढचा शोधनिबंध वाचताना टक्का दिसला, की समासात लिहा: कशाचे टक्के, कितींपैकी, कोणी निवडलेले? उत्तर निबंधात सापडलं नाही, तर तुमच्या संशोधनाचा पहिला प्रश्न तुम्हाला मिळाला.