दोन बाहुल्या, एक भिंत

गेल्या चौदा एप्रिलला आमच्याकडच्या एका वसतिगृहातल्या पोरांनी खोलीत एक चित्र लावलं. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी. पांढऱ्या फ्रॉकातली सहा वर्षांची काळी पोरगी, हातात वही आणि पट्टी, पुढं दोन आणि मागं दोन गोरे सरकारी अंमलदार. खाली पोरांनी लिहिलं होतं, 'शाळेत जाणारी पहिली.' मी विचारलं, आत गेल्यावर हिला शिकवलं कुणी? बाकावर हिच्याशेजारी कोण बसलं? कुणालाच सांगता येईना. पोरांचा दोष नाही. चित्रातच ते नाही. म्हणून दोस्तहो, हे परीक्षण.

चित्र अमेरिकेतलं. चित्रकार नॉर्मन रॉकवेल, गोरा. १९१६ पासून १९६३ पर्यंत एका बड्या साप्ताहिकाची तीनशेच्या वर मुखपृष्ठं त्यानं काढली. त्यात सगळं गोरं मध्यमवर्गीय सुख. सणाचं जेवण, गुटगुटीत पोरं, हसरे आजोबा. सत्तरीला टेकल्यावर त्यानं ते साप्ताहिक सोडलं आणि १४ जानेवारी १९६४ च्या 'लुक' नियतकालिकात हे चित्र छापून आणलं. 'आपण सगळे ज्यात राहतो तो प्रश्न' अशा अर्थाचं नाव त्याला दिलं.

आधी चित्राची ताकद कबूल करू. भिंतीवर काळ्यांना देतात ती शिवी लिहिलेली आहे. एका बाजूला क्लॅनची तीन अक्षरं. टोमॅटो फुटून लाल ओघळ खाली आलेत. पण फेकणारा कुठं आहे? चित्रात नाही. जमाव जिथं उभा होता, नेमका तिथंच चित्र बघणारा उभा आहे. म्हणजे घरात आरामात 'लुक' चाळणाऱ्या गोऱ्या वाचकाच्याच हातून तो टोमॅटो सुटला. आपल्याकडच्या सहानुभूतीवाल्या लेखकांना हे अजून जमलेलं नाही. ते आपल्या दुःखाकडे खिडकीतून बघतात आणि स्वतः घरात सुखरूप राहतात. रॉकवेलनं ती खिडकीच काढून टाकली. आणखी एक. चारही अंमलदारांची मुंडकी त्यानं चौकटीबाहेर ठेवली. राज्यसंस्थेला पाय आहेत, मुठी आहेत, खिशात कोर्टाचा कागद आहे. तोंड नाही. ती पोरीशी बोलत नाही.

इथवर चित्र खरं. पुढं ते खोटं नाही, पण अपुरं आहे. आणि अपुरं चित्र आपण भिंतीवर लावलं की आपला विचारही तेवढ्यावरच थांबतो.

झालं काय होतं ते बघा. लुइझियाना राज्यातलं न्यू ऑर्लिन्स शहर, १४ नोव्हेंबर १९६०. त्या दिवशी एक नाही, चार काळ्या मुली गोऱ्यांच्या शाळांत गेल्या. लिओना टेट, टेसी प्रेव्होस्ट आणि गेल एटिएन या तिघी एका शाळेत. रूबी ब्रिजेस एकटी दुसऱ्या शाळेत. चित्र बेतलंय ते रूबीवर. पहिल्या दिवशी तिच्यासोबत तिची आई होती. दोघी दिवसभर मुख्याध्यापकांच्या कचेरीत बसून राहिल्या. चित्रात आई नाही. गोऱ्या आईबापांनी आपली पोरं धडाधड काढून नेली. शिकवायला तयार झाली ती बॉस्टनहून आलेली एकच बाई, बार्बरा हेन्री. मग वर्षभर एक बाई आणि एक पोरगी. बाकी वर्ग रिकामा.

बापाची नोकरी गेली. आजा-आजी मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबत होते, त्यांना जमिनीवरून हाकललं. एक बाई रोज ओरडायची, तुला विष घालीन. म्हणून पोरगी घरचंच खायची. आणि आणखी एक बाई छोट्या शवपेटीत काळी बाहुली घालून ती पोरीसमोर नाचवायची. रूबीनं मोठेपणी सांगितलंय, सगळ्यात जास्त भीती तिला त्या बाहुलीची वाटली.

ही झाली एक बाहुली. दुसरी तिच्याआधीची, कोर्टात गाजलेली.

केनेथ आणि मेमी क्लार्क हे काळं मानसशास्त्रज्ञ जोडपं. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या. काही गोऱ्या, काही काळ्या, बाकी सगळं सारखं. चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? तुझ्यासारखी कोणती? बहुतेक पोरांनी गोरी चांगली म्हणून उचलली. शेवटच्या प्रश्नाला काही पोरं रडत उठून गेली. १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या क्लॅरेंडन जिल्ह्यातल्या खटल्यासाठी क्लार्कनी तिथल्या १६ पोरांची हीच चाचणी घेतली. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयानं 'ब्राउन' खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला की वेगळ्या शाळा मुळातच असमान. त्या निकालाच्या अकराव्या तळटीपेत पहिलं नाव क्लार्कचं.

निकाल मोठा आहे. त्याला लहान करायचा माझा हेतू नाही. क्लॅरेंडनमध्ये गोऱ्या पोरामागं वर्षाला १७९ डॉलर खर्च व्हायचे, काळ्या पोरामागं ४३. ही व्यवस्था मोडायलाच हवी होती. पण समीक्षा करायची तर निकालाचीही करायला हवी. त्यात रोगी कोण ठरला? काळं पोर. त्याच्या काळजावर परिणाम होतो, त्याच्या मनात न्यूनगंड येतो, म्हणून शाळा एक करा. खरं आहे. पण शवपेटीत बाहुली घालणाऱ्या बाईच्या मनाचं काय झालं होतं? तिच्यापुढं कुणी बाहुल्या ठेवल्या? आजार गोऱ्यांच्या घरात आणि कडू औषध मात्र काळ्या पोराला. सहा वर्षांच्या पोरीनं देश सुधारायचा. तेही दप्तर सांभाळून.

क्लार्कच्याच चाचणीत एक गोष्ट होती जी टाळ्या वाजवणारे वाचत नाहीत. निम्मी-अधिक पोरं दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांतली होती, बाकीची उत्तरेतल्या मिश्र शाळांतली. गोऱ्या बाहुलीकडे ओढ मिश्र शाळांतल्या पोरांतही होतीच. उलट थोडी जास्तच भरली. म्हणजे नुसतं शेजारी बसवून जखम भरत नाही. वर्गाच्या पुढं उभं कोण आहे, पुस्तकात कोण आहे, पैशाची किल्ली कुणाकडं आहे, हे प्रश्न तसेच राहतात.

क्लॅरेंडनच्या लोकांना हे आधीच कळलं होतं. त्यांची पहिली मागणी काय होती? एकत्र शाळा नव्हे. बस. गोऱ्या पोरांना तीस बसगाड्या, काळ्यांना एकही नाही. बस मागितली म्हणून अर्जदाराची उधारी गोऱ्यांनी तोडली. मग लढा वाढला आणि वॉशिंग्टनपर्यंत गेला. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत १९५१ साली बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीनं सबंध शाळेचा संप घडवला. मागणी होती धड इमारतीची. हाही खटला 'ब्राउन'मध्येच सामील झाला. निकालानंतर गोऱ्यांनी काय केलं? १९५९ मध्ये काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकलं. गोऱ्या पोरांसाठी खाजगी शाळा काढली. काळी पोरं पाच वर्षं, १९६४ पर्यंत, घरी. ज्या वर्षी 'लुक'मध्ये चित्र आलं, त्याच वर्षी ती कुलपं निघाली. आहे का ते कुलूप कुठल्या चित्रात?

आणि शाळा एक झाल्या तेव्हा कुठल्या बंद झाल्या? काळ्यांच्या. कॅन्सासमधल्या टोपेका गावात, जिथून 'ब्राउन' हे नाव आलं तिथं, निकालाआधीच १९५३ मध्ये शाळाखात्यानं काळ्या शिक्षिकांना कळवलं की पुढल्या वर्षी तुमची गरज बहुधा लागणार नाही. १९५४ नंतरच्या दहाअकरा वर्षांत दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत ३८,०००च्या आसपास काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक घरी बसले, असा हिशेब सांगितला जातो. पोरं आत घेतली आणि मास्तर बाहेर काढले. रूबीच्या शाळेत वर्ग रिकामा होता. इथं वर्ग भरला, पण पुढची खुर्ची हिरावली गेली.

पुढं कोर्टानंही दार ओढून घेतलं. १९७३ मध्ये टेक्सासच्या खटल्यात पाच विरुद्ध चार असं ठरलं की श्रीमंत वस्तीच्या शाळेला जास्त पैसा आणि गरीब वस्तीच्या शाळेला कमी, यात राज्यघटनेचा भंग नाही. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार, शहरातली पोरं उपनगरात पाठवून शाळा एक करायला मनाई झाली. भिंत पाडली होती, तिथं रेघ ओढली. रेघेवर शिवी लिहावी लागत नाही. म्हणून ती चित्रात येत नाही.

आता जे चित्र कुणी घराघरांत लावलं नाही, त्याबद्दल. १९६५ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत शाळेआधीच्या वयाच्या पोरांसाठी बालकेंद्रं उभी राहिली. त्या राज्यात तेव्हा सरकारी बालवाडीच नव्हती. पैसा केंद्र सरकारच्या 'हेड स्टार्ट' योजनेचा. पण चालवणारी काळी माणसं. ऐंशीच्या वर केंद्रं, सहा हजारांच्या आसपास पोरं. शिकवायला कोण? कापूस वेचणाऱ्या, गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया. पदवी नाही. पण पोरांनी डोळे उघडल्यावर पुढं दिसलं ते आपल्या आईसारखं तोंड. आपल्या माणसांच्या हाती पगार, आपल्या माणसांच्या हाती हजेरीपट. मिसिसिपीचा सिनेटर स्टेनिस खवळला. हिशेबाच्या चौकश्या लागल्या. १९६६ मध्ये निधी तोडला. आरडाओरड झाली तेव्हा थोडा परत दिला, पण जोर मोडला होता. बघा दोस्तहो, एकटी पोरगी गोऱ्या शाळेत गेली तर सरकारनं अंमलदार दिले. सहा हजार पोरांची शाळा काळ्या बायांनी स्वतः चालवली तर सरकारनं पैसा काढून घेतला. 

ज्यांच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरनीही हेच ओळखलं. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये त्यांनी पोरांना शाळेआधी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. १९७३ मध्ये आपली शाळा काढली, ती १९८२ पर्यंत चालली. आपण त्यांच्या बंदुकांचे फोटो जपले. न्याहारीचं ताट विसरलो.

आणि शाळेआधीचं वय म्हणजे निरागस, तिथं कसला आलाय भेद, असं ज्यांना वाटतं त्यांनी अमेरिकन सरकारचेच २०११-१२ चे आकडे बघावेत. सरकारी बालवर्गांत काळी मुलं १८ टक्के. पण एकाहून जास्त वेळा निलंबित झालेल्यांत ती ४८ टक्के. चार वर्षांच्या पोराला घरी पाठवतात. आता फाटकात जमाव नाही. नियमांची वही आहे.

आपला या गोष्टीशी संबंध आजचा नाही. जोतीबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसले आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेले. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. त्याच डु बॉइसनी १९३५ मध्येच मांडलं होतं की काळ्या पोराला वेगळी शाळाही नको आणि मिश्र शाळाही नको, त्याला हवं शिक्षण. पोराकडे माणूस म्हणून बघणारा मास्तर जिथं मिळेल ती शाळा. वेगळेपणाचं त्यांनी समर्थन केलं नव्हतं. पोराला कुठं बसवलं एवढंच मोजू नका, त्याचं काय झालं ते मोजा, असं ते म्हणत होते.

आपल्यालाही 'पहिला' फार आवडतो. पहिला डॉक्टर, पहिली कलेक्टर. सत्कार करतो, हार घालतो आणि त्याला एकट्याला त्या रिकाम्या वर्गात सोडून घरी येतो. त्याच्या बापाची नोकरी गेली का, त्याच्याशेजारी कुणी बसतं का, विचारत नाही. दोस्तहो, वस्तीतल्या अंगणवाडीत एकदा जाऊन बसा. पोरं कोण कुठं बसतात, खिचडी कुणाच्या हातची चालते, हजेरी कोण घेतं, ते बघा आणि लिहून काढा. ते आपलं चित्र.

रॉकवेलचं चित्र पोरांनी काढू नये. ते राहू दे. भिंतीवरची शिवी रोज दिसलेली बरी. फक्त खालची ओळ बदलावी, असं मी सुचवलं. बरीच वादावादी झाली. आता तिथं लिहिलंय, 'चौघींतली एक. आत वर्ग रिकामा आहे.'

जय भीम.