‘अलबेला’तील ट्रम्पेट : चित्रपटगीतातील जॅझवादकाचे स्थान

सी. रामचंद्र यांच्या संगीताचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा चाल, शब्द आणि गायन यांपाशी थांबते. वाद्यवृंदातील वादकाचा कर्ता म्हणून विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या आधारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या स्थानाची चर्चा केली आहे.

गोव्यातील हळदोणे येथे १९१६ मध्ये जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ मुंबईच्या हॉटेलांत चिक चॉकलेट या नावाने गाजले. लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श होता. सी. रामचंद्रांचे ते साहाय्यक होते आणि ‘अलबेला’त त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. या चित्रपटात पिलू रागाच्या आधाराने बांधलेली ‘धीरे से आजा री अँखियन में’ ही अंगाई आहे, तसेच ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन व बोंगो यांनी सजलेले ‘शोला जो भडके’ही आहे. चाल रामचंद्रांची, हे निर्विवाद. तथापि जॅझमधील स्वराचा झोक आणि श्वासाचा आघात स्वरलिपीत पूर्णपणे उतरत नाही. तो वादकाच्या साधनेतूनच येतो.

येथे दक्षिण आफ्रिकेचे ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला (१९३९-२०१८) यांची तुलना उद्बोधक ठरते. मासेकेला ज्या विद्यार्थी वाद्यवृंदात शिकले, त्याला आर्मस्ट्राँग यांनीच आपले ट्रम्पेट भेट पाठविले होते. वॉशिंग्टन येथील ‘ब्लूज ॲली’तील मैफिलीचे ध्वनिमुद्रण असलेल्या ‘होप’ (१९९४) या अल्बममधील ‘स्टिमेला’ ही रचना खाणमजुरांना वाहून नेणाऱ्या आगगाडीविषयी आहे. तेथे कथन, गायन व वादन एकाच कलावंताचे आहे. मैफिलीत रचना हवी तितकी विस्तारता येते. याउलट चित्रपटगीत सुमारे ३ मिनिटांच्या तबकडीत बसवावे लागे. परिणामी जॅझचा प्राण असलेली उत्स्फूर्तता दोन कडव्यांमधील मोजक्या मात्रांत आक्रसली आणि श्रेय एकट्या संगीतकाराच्या नावे जमा झाले.

यामुळे रामचंद्रांचे मोठेपण उणावत नाही. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या या संगीतकाराने गोमंतकीय ट्रम्पेटला आपल्या चालीत जागा दिली, हीच त्यांची रसिकता होय. मात्र त्या जागेत जे वाजले, ते दुसऱ्या कलावंताचे संचित होते. म्हणून चित्रपटगीताच्या अभ्यासात संगीतकार, गीतकार व गायक यांच्यासमवेत वादकाच्याही नावाची नोंद होणे न्याय्य ठरेल. ही केवळ उपचाराची बाब नव्हे. ती नोंद नसेल तर गीताचे विश्लेषणच अपुरे राहते.