डिकन्सचा लोहार

चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ही कादंबरी वर्गांत शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न नेहमीं विचारीत आलों आहों : या कथेचा नायक कोण? बहुतेकांचें उत्तर 'पिप' असें येतें, आणि परीक्षेपुरतें तें बरोबरही आहे. कथा त्याची, ती सांगणारा तोच, आणि दलदलीच्या कांठीं आईबापांच्या थडग्यांजवळ थरथरणाऱ्या अनाथ पोरापासून तों जगाचे टक्केटोणपे खाऊन शहाण्या झालेल्या गृहस्थापर्यंत जी वाढ आपण पाहतों तीही त्याचीच. तथापि दरसाल एखादी तरी उत्तरपत्रिका अशी येते कीं, तींत नायक म्हणून जो गार्जरी या लोहाराचें नांव असतें. पूर्वीं अशा उत्तराला आम्ही निम्मे गुण देत असूं. आतां पूर्ण देतों. आमचें मत कां पालटलें तें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

ही कादंबरी डिसेंबर १८६० पासून ऑगस्ट १८६१ पर्यंत डिकन्सच्या स्वतःच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. ज्यांनीं ती वाचली नसेल त्यांच्याकरितां थोडें कथानक सांगतों. केंट परगण्यांतील एका खेड्यांत पिप बहिणीच्या घरीं वाढतो. तिचा नवरा जो हा गांवचा लोहार. पुढें कोणा अज्ञात उपकारकर्त्याच्या पैशावर पिप लंडनास जातो, 'जंटलमन' होऊं लागतो, आणि ज्या भट्टीच्या उजेडांत तो वाढला तिचीच त्याला लाज वाटूं लागते. तो पैसा श्रीमंत मिस हॅविशॅमचा नसून, लहानपणीं ज्याला त्यानें चोरून अन्न नेऊन दिलें त्या मॅग्विच नांवाच्या कैद्याचा आहे, हें त्याला फार उशिरां कळतें. आमच्या कामापुरतें एवढें पुरे.

जोवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. हा माणूस इतका भला आहे कीं, तो खरा वाटत नाहीं; लेखकानें मनांत आणलें आणि भाबडेपणाचा एक पुतळा उभा केला, असें म्हणतात. तरुणपणीं आम्हीही तसेंच म्हणत होतों. परंतु सातवें प्रकरण लक्षपूर्वक वाचणारास हें म्हणतां येणार नाहीं. पिपची बहीण फार तापट. पोराला वेताच्या छडीनें झोडपणें हा तिचा नित्यक्रम, आणि नवऱ्याचाही ती मुलाहिजा ठेवीत नाहीं. जोच्या अंगीं घण उचलण्याची ताकद आहे, पण तो तिचा हात धरीत नाहीं. कां? तर त्याचा बाप दारूच्या भरांत त्याच्या आईला मारी. ती बिचारी पोराला घेऊन पळून जाई, आणि तो त्यांना पुन्हां ओढून आणी. तें पाहिलेल्या मुलाच्या मनांत स्त्रीवर अन्याय करण्याची इतकी दहशत बसली कीं, चुकायचेंच तर दुसऱ्या बाजूनें चुकावें, असें त्यानें ठरविलें. त्या चुकीची किंमत आपल्याबरोबर पिपही देतो हें त्याला ठाऊक आहे, आणि तें तो त्या लहान मुलाजवळ बोलूनही दाखवितो. आमच्या मतें हा दोष आहे, आणि लहान दोष नव्हे. पण पुतळ्याला असला दोष नसतो. तो काय करूं शकतो? पोराला चुलीच्या कोपऱ्यांत सरकवून आपला भला मोठा पाय आडवा घालतो. त्याच्या पराक्रमाची मजल त्या दिवशीं एवढीच.

पुढें अशाच लहान लहान गोष्टी येतात. पकडलेला कैदी 'तुमच्या घरचें पक्वान्न मींच चोरलें' असें सांगतो, तेव्हां जो त्याला दोष न देतां, भुकेल्याच्या पोटांत तें गेलें हें ठीकच झालें अशा अर्थाचें बोलतो. पिपला नेण्यास आलेला वकील जॅगर्स नुकसानभरपाई देऊं करतो, तेव्हां मात्र हा मऊ माणूस एकदम पेटतो. पोराच्या सोबतीची किंमत पैशांत कोणी मांडावी हेंच त्याला सहन होत नाहीं.

परंतु खरा कस लागतो तो सत्ताविसाव्या प्रकरणांत. जो लंडनला पिपला भेटावयास येतो. अंगांत न बसणारे सणाचे कपडे, हातांतली टोपी कोठें ठेवावी हें न कळून ती मॅंटलपीसच्या टोंकावर ठेवलेली, आणि ती पुनःपुन्हां खालीं पडते आहे. पिपला तो मधूनच 'सर' म्हणतो. पैसे देऊन ही भेट टाळतां आली असती तर आपण टाळली असती, अशी कबुली पिपनें आधींच दिलेली आहे. येथें डिकन्सनें टोपीचा विनोद जरा जास्तच लांबविला आहे असें आम्हांस वाटतें. हंशा मिळाला कीं त्याला थांबणें जड जातें, ही त्याची जुनी खोड. पण निघतांना जो जें सांगतो त्यापुढें हंसणारा ओशाळतो. कोणी लोहार, कोणी सोनार, वाटा वेगळ्या व्हावयाच्याच; या कपड्यांत मी चुकीचा दिसतों, भट्टीच्या खिडकींतून हातोडा हातीं असलेला मला पाहशील तर इतका चुकीचा दिसणार नाहीं, अशा आशयाचें तो बोलतो आणि जातो. त्यांत रागही नाहीं, लाचारीही नाहीं.

हें प्रकरण आम्ही वर्गांत मोठ्यानें वाचीत नाहीं. आम्ही कॉलेजांत असतांना वसतिगृहावर एकदां आमचे थोरले काका आले होते. वडिलांमागें आम्हांला त्यांनींच वाढविलें. धोतर धुळीनें माखलेलें, कांखेंत लाडवांचा डबा आणि फडक्यांत बांधलेल्या शेंगा. खोलींतल्या मित्रांनीं विचारलें तेव्हां आम्ही म्हणालों, 'गांवाकडचे एक गृहस्थ आहेत.' काकांनीं तें ऐकलें. ते जेवावयास राहिले नाहींत. संध्याकाळची गाडी गांठायची आहे म्हणाले. आमच्या गांवाला संध्याकाळीं गाडी नव्हती.

पिपला निदान ऋण कळण्याची संधि मिळते. तो कर्जबाजारी होऊन तापानें फणफणलेला असतांना जो येतो, आठवडेच्या आठवडे शुश्रूषा करतो, आणि पिपच्या अंगांत शक्ति येऊं लागतांच पुन्हां 'सर' म्हणूं लागतो. एका सकाळीं तो निघून गेलेला असतो. मागें एक चिठ्ठी आणि १२३ पौंड, १५ शिलिंग, ६ पेन्सचें कर्ज फेडल्याची पावती. चिठ्ठी लिहिण्यापुरतें अक्षर त्याला बिडीनें शिकविलें आहे.

अशा कादंबरींत साध्या माणसाचा मोठेपणा दाखविण्याच्या दोन रीती आहेत. एक आपल्याकडील साने गुरुजींची. 'श्यामची आई' (१९३५) मध्यें श्यामही चुकतो, पण बहुधा तेथल्या तेथें त्याचे डोळे उघडतात, आणि सांगणारा व ऐकणारे मिळून आईपुढें हात जोडतात. तें कीर्तन आहे, आणि उत्तम कीर्तन आहे. डिकन्सचें पुस्तक ही कबुली आहे. येथें मोठेपणा अशा डोळ्यांतून दाखवावयाचा आहे, ज्यांना तो त्या वेळीं दिसतच नव्हता. आपण वाचक तो पिपच्या आधीं पाहतों, आणि त्याचा राग करूं लागतों न लागतों तोंच आपलें एखादें जुनें दुखणें ठणकूं लागतें. डिकन्स हें कोठून शिकला? बाप मार्शलसीच्या तुरुंगांत कर्जापायीं असतांना, १८२४ सालीं, बारा वर्षांचा डिकन्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यांत बरण्यांना लेबलें लावीत होता. ही गोष्ट त्यानें जगापासून जन्मभर लपविली. १८७० सालीं तो वारल्यावर फॉर्स्टरनें लिहिलेल्या चरित्रांतून ती उघड झाली. लाज म्हणजे काय हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

बिडीविषयीं मात्र आमची तक्रार आहे. काम पाहिलें तर तिचें जोहूनही अधिक : लुळ्या झालेल्या बहिणीची सेवा, घर, पुढें शाळा, आणि जोला अक्षरओळख. जो आपली जागा सोडणार नाहीं, कारण ती तो नीट भरून काढतो आणि त्याचा त्याला अभिमान आहे, हें पिपला प्रथम सांगते तीच. पण लेखकानें तिला नेहमीं योग्य बोलण्याचेंच काम दिलें. एक संध्याकाळ तिच्या स्वतःच्या मनासाठीं राखली नाहीं. सातव्या प्रकरणासारखें प्रकरण तिच्या वांट्यास आलें असतें तर उत्तरपत्रिकांतून तिचेंही नांव येऊं लागतें.

या कादंबरीचा शेवट डिकन्सनें बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून बदलला, आणि पिप व एस्टेला यांची भेट सुखाची कीं दुःखाची, यावर टीकाकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. आमचें वाचन त्याच्या थोडें आधींच थांबतें. अकरा वर्षांनीं पिप डिसेंबरांतल्या एका संध्याकाळीं त्या जुन्या घरीं येतो आणि हळूच दार लोटून पाहतो. जो, आतां बिडीचा नवरा, थोडा पिकलेला, चुलीजवळ पाइप ओढीत बसला आहे. पिपच्याच जुन्या तिवईवर एक लहान मुलगा विस्तवाकडे पाहत बसला आहे, आणि त्याच्यापुढें जोनें आपला पाय आडवा घातलेला आहे. या घरांत आतां छडी नाहीं.