राजपुत्राची पुनर्घडण

पेडणे महालात 'खेळ' हा शब्द नाटकाला लागतो तसा दशावतारालाही लागतो. अमुक मंडळाचा खेळ आज रात्री आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात हारजीत अभिप्रेत नसते. ज्या खेळांविषयी येथे लिहायचे आहे ते मात्र पडद्यावरचे, कळा दाबून खेळायचे आहेत, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ते नातवंडांच्या खांद्यावरून डोकावूनच पाहिले असतील. तरीही हा विषय आम्ही या पानांवर आणीत आहोत, कारण त्यासंबंधी चालणारा वाद आपल्या ओळखीचा आहे. जुना खेळ नव्या साधनांनी पुन्हा घडवावा काय? घडवल्यावरही तो जुनाटच वाटला तर दोष कोणाचा? आणि मुळात त्याची गरज होती काय? संगीत नाटकाच्या पुनरुज्जीवित प्रयोगानंतर मंडपाबाहेर चहा घेताना धारगळात काय आणि म्हापशात काय, हेच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारले गेले आहेत.

या वादाचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणी ध्यानात घेतलेली दिसत नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने सप्टेंबर 2020 मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या आपल्या 2003 सालच्या खेळाची संपूर्ण पुनर्निर्मिती जाहीर केली, आणि ती पुणे व मुंबई येथील तिच्या स्टुडिओंकडे सोपवली. तोवर या स्टुडिओंच्या वाट्याला मुख्यतः परदेशी घडणाऱ्या खेळांना हातभार लावण्याचे काम येत असे. येथे प्रथमच एका नामांकित कृतीची सूत्रे त्यांच्या हाती आली. खेळ जानेवारी 2021 मध्ये यायचा होता. तो मार्चवर ढकलला गेला, मग बेमुदत लांबला. मे 2022 मध्ये काम मूळ खेळ जेथे जन्मला त्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे परत नेण्यात आले. जानेवारी 2026 मध्ये कंपनीने तो रद्द केला.

हे सारे हिशेबाच्या भाषेत सांगून संपवता येईल. पण समीक्षेला हिशेबात रस नसतो. मूळ कृती काय होती आणि तिला हात लावण्याचे कारण काय होते, हे पाहिले पाहिजे.

जॉर्डन मेक्नर या तरुणाने 1989 मध्ये पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घडवला. आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रीकरण केले आणि त्या चित्रांवरून राजपुत्राच्या हालचाली एकेक करून उतरवल्या. तो खेळ भारतातील संगणकवर्गांतून घरोघर पोहोचला. आज पन्नाशीत असलेल्या कित्येकांनी टोकदार सळ्यांवर पडून तो राजपुत्र मेलेला पाहिला आहे. 2003 च्या खेळाची कथाही मेक्नरचीच. पर्शियाचा राजपुत्र बापाबरोबर भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून जातो, तेथून काळाचा खंजीर लुटतो, आणि वझिराच्या कपटाला भुलून काळाची वाळू मोकळी करून बसतो. त्या वाळूने माणसांचे राक्षस होतात. उरतात तिघेच : राजपुत्र, वझीर आणि महाराजाची बंदिवान कन्या फराह.

खरी करामत कथेत नाही, सांगण्यात आहे. खंजिराची कळ दाबली की काळ काही क्षण मागे सरकतो. चुकलेली उडी पुन्हा घेता येते. आणि संपूर्ण खेळ म्हणजे राजपुत्राने कोणाला तरी सांगितलेली हकिकत असल्यामुळे, खेळणारा मेलाच तर राजपुत्राचा आवाज मध्येच थांबतो आणि असे घडले नव्हते म्हणून सांगणे सुधारून घेतो. एखादा मुरलेला कीर्तनकार आख्यान रंगवताना आडवाटेला जाऊन श्रोत्यांना चकवा देतो आणि पुन्हा मूळ धाग्यावर येतो, तशी ही चाल आहे. इतर खेळांत मरण म्हणजे नुसता अडथळा. येथे मरणसुद्धा निवेदनाचा भाग झाले. शेवटी राजपुत्र सगळा काळ मागे फिरवतो, आणि आपण जिच्या प्रेमात पडलो त्या फराहला यातले काहीच आठवत नाही. आपली हकिकत तो तिलाच सांगत होता, हे तेव्हा कळते.

अशी कृती पुन्हा घडवायला घेताना काय बदलावे? आमच्या मते तिच्यात दोन गोष्टी निश्चितपणे थकल्या होत्या. लढाया लांबण लावतात, तेच ते राक्षस पुन्हा पुन्हा उठतात. आणि दृश्याचा कोन ऐन उडीच्या वेळी दगा देतो. 2020 मध्ये पुनर्निर्मितीची झलक दाखवण्यात आली तेव्हा मात्र ओरड झाली ती चेहऱ्यांवरून. कातडी निर्जीव दिसते, उजेड सपाट पडतो, हे दहा वर्षांपूर्वीचे चित्र वाटते, असा गिल्ला जगभर झाला. तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण आमचा आक्षेप तिच्या उथळपणाला आहे. नव्या नटसंचाचा 'सौभद्र' पाहून आल्यावर कोणी फक्त पडद्याच्या रंगाविषयी बोलू लागला, तर त्याने गाणे ऐकले की नाही अशी शंका आपल्याला येतेच.

व्हिडिओ गेममध्ये चित्र लवकर शिळे होते, हे खरे. पण चित्राचे शिळेपण डोळा दहा मिनिटांत माफ करतो. हाताचे शिळेपण माफ होत नाही. जुन्या खेळात हाताला जी शिस्त लागते ती यंत्राच्या दुबळेपणातून आलेली असते, आणि कित्येकदा त्या दुबळेपणातूनच कलेचा जन्म झालेला असतो. कॅपकॉम कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल 2' हा 1998 सालचा भयखेळ घ्या. त्यात दृश्याचे कोन ठरलेले होते, त्यामुळे वळणापलीकडे काय उभे आहे ते दिसत नसे आणि भीती तेथेच राहत असे. 2019 च्या पुनर्निर्मितीने दृष्टी पात्राच्या खांद्यामागे आणली. म्हणजे भीतीचे जुने साधन काढून टाकले. पण त्याची भरपाई करणाऱ्यांनी विचारपूर्वक केली. दालने काळोखात बुडवली, खेळणाऱ्याच्या हाती विजेरीचा तेवढा झोत दिला. न दिसण्याची जागा बदलली, न दिसणे कायम राहिले. पुनर्घडण म्हणतात ती ही.

याच्या उलट उदाहरण 'सायलेंट हिल' मालिकेचे. पहिल्या खेळात, 1999 मध्ये, गावावर दाट धुके होते. कारण त्या काळच्या यंत्राला दूरवरची घरे एकदम रेखाटणे झेपत नसे. गरजेपोटी आलेले धुके पुढे त्या गावाचे अंतःकरणच होऊन बसले. 2012 मध्ये मालिकेतील दुसऱ्या व तिसऱ्या खेळाची अधिक स्पष्ट चित्रांची आवृत्ती निघाली, तीत धुके विरळ झाले आणि जे झाकायचे होते ते उघडे पडले. ज्या मूळ आज्ञावलीवरून ती आवृत्ती बांधली, ती विक्रीला गेलेल्या खेळाची अंतिम प्रत नव्हतीच. ती कंपनीकडे उरली नव्हती. मुद्रणप्रत हरवल्यामुळे कच्च्या खर्ड्यावरून ग्रंथ छापावा, तशी ही गोष्ट झाली.

येथे आम्हांला या वादाचे मर्म दिसते. नाटकाचा प्रयोग रात्री संपला की तो गेला. पण संहिता राहते आणि पुढच्या वर्षी दुसरे नट ती उभी करतात. आमच्याकडच्या दहीकाल्याला तर लेखी संहिताही लागत नाही. आख्यान ठाऊक असले की संवाद रंगमंचावर जन्मतात. म्हणून रंगभूमीवर पुनर्निर्मिती आवश्यक की अनावश्यक हा प्रश्नच फारसा टिकत नाही. तेथे पुन्हा करणे हेच जगणे असते. व्हिडिओ गेमचे तसे नाही. तो ग्रंथासारखा एकदा पूर्ण होतो, पण ग्रंथासारखा कपाटात राहू शकत नाही. ज्या यंत्रासाठी घडला ते यंत्र गेले की तो मुका होतो. आपल्या जुन्या घराण्यांतील पेट्यांत मोडीतले कागद आहेत. शाई शाबूत, कागद शाबूत, वाचणारा नाही. त्या कागदांचे बाळबोधीत लिप्यंतर करणे वेगळे, आणि त्यांतील हकिकतीवरून नवी कादंबरी लिहिणे वेगळे. पडद्यावरच्या खेळांच्या बाजारात मात्र लिप्यंतर, पुनर्मुद्रण, संशोधित आवृत्ती आणि नवी कादंबरी या चारही गोष्टी जवळजवळ एकाच किमतीला, एकाच उत्साहाने विकल्या जातात. निम्मा घोटाळा तेथून सुरू होतो.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने 2023 मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की, त्या देशात 2010 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. या आकड्यापुढे 'पुनर्निर्मिती हवीच कशाला' हा प्रश्न चैनीचा वाटू लागतो. पण बारकाईने पाहिले तर पुनर्निर्मितीसाठी निवडले जातात ते बहुधा उरलेल्या 13 टक्क्यांतलेच. 'द लास्ट ऑफ अस' हा खेळ 2013 मध्ये आला, 2014 मध्ये सुधारून निघाला, आणि 2022 मध्ये पुन्हा नव्याने घडवला गेला. तो कोणाच्याही हातून निसटला नव्हता. या बाबतीत अनावश्यक हा शब्द आम्ही निःशंकपणे वापरू.

त्याहून गंभीर प्रकार म्हणजे नव्याने जुन्याची जागा बळकावणे. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक 1967 मध्ये रंगभूमीवर आले. मंगेशीच्या अभिषेकीबुवांचे त्याला संगीत. 2015 मध्ये त्यावर चित्रपट निघाला. त्यात कथेची मांडणी बदलली, जुन्या पदांच्या शेजारी नवी गाणी आली. कोणाला तो रुचला, कोणाला रुचला नाही. पण चित्रपट आला म्हणून नाटक कोणी बंद पाडले नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाद घालता येतो, आणि आपण तो घातलाही. 'वॉरक्राफ्ट 3' या 2002 च्या खेळाची नवी आवृत्ती जानेवारी 2020 मध्ये आली, तेव्हा जुना खेळ विकत घेतलेल्यांच्या संगणकावरही महाजालावरील सामन्यांसाठी नवीच व्यवस्था लादली गेली. 2021 मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतील तीन खेळांची नवी आवृत्ती येण्याआधी जुन्या प्रती विक्रीतून काढून घेतल्या गेल्या. नवी आवृत्ती इतकी सदोष निघाली की संगणकावरच्या जुन्या प्रती परत विक्रीला ठेवाव्या लागल्या. नवी आवृत्ती वाईट निघणे हा कलेचा धोका आहे, तो पत्करायलाच हवा. जुनी प्रत उचलून नेणे हा मात्र तुलनेचा पुरावाच नाहीसा करण्याचा प्रकार होय.

आता पुण्याच्या कामाकडे वळू. मूळ 'सँड्स ऑफ टाइम' संगणकासाठी आजही विकत मिळतो, त्यामुळे जतन हे त्या पुनर्निर्मितीचे मुख्य कारण होऊ शकत नव्हते. आमच्या मते तिला वेगळे आणि अधिक सबळ कारण होते. त्या कथेची सुरुवात भारतातल्या एका राजवाड्याच्या लुटीने होते, आणि तो राजवाडा लुटणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. 2003 च्या खेळातला भारत म्हणजे कमानी, जाळ्या आणि घुमट. कोणता प्रांत, कोणते शतक, काही पत्ता लागत नाही. परंतु याच खेळात एक विलक्षण शब्द आहे. फराहला तिच्या आईने लहानपणी शिकवलेला, भीती वाटली की उच्चारायचा : 'काकोलुकिया'. तो ऐकताच मराठी वाचकाला पंचतंत्रातील तिसरे तंत्र आठवावे, 'काकोलूकीयम्'. कावळ्यांच्या आणि घुबडांच्या वैराची ती कथा, ज्यात कावळ्याचा वृद्ध मंत्री शत्रूच्या गोटात शिरून विश्वास मिळवतो आणि त्याचा नाश करतो. कपटी वझिराच्या कथेत हा शब्द एका भारतीय राजकन्येच्या तोंडी यावा! खेळाच्या अखेरीस फराह नाव विचारते तेव्हा राजपुत्र हाच शब्द उच्चारतो. तिने तो आपल्याला सांगितला होता हे तिला ठाऊक नसते.

मॉन्ट्रियलमध्ये घडलेल्या खेळात हा शब्द मंत्रासारखा, अर्थाविना येतो. पुण्यात बसून तो पुन्हा घडवणाऱ्यांना त्यातील कावळे आणि घुबडे ऐकू येऊ शकली असती. नव्या आवृत्तीत फराहचा आवाज भारतीय वंशाच्या कॅनेडियन अभिनेत्री सुपिंदर वरैच यांना दिला होता, यावरून तिच्याकडे नव्याने पाहण्याचा काही विचार झाला असावा असे वाटते. लुटल्या गेलेल्या राजवाड्यातील मुलीला स्वतःची भूमी मिळाली असती, तर चेहऱ्यावरच्या सपाट उजेडाबद्दल आम्ही तरी एक शब्द उच्चारला नसता. मात्र दाखवलेल्या झलकेत त्या दिशेचे काही दिसले नाही, हेही नमूद केले पाहिजे. जुनीच दृश्ये जुन्याच क्रमाने नव्या कपड्यांत येत होती. ती रचना तशीच पूर्णत्वाला गेली असती तर आमचे मत प्रतिकूलच झाले असते. पण ते बनवायला आता कृतीच समोर नाही. पुणे आणि मुंबईतील कारागिरांचे श्रम कंपनीच्या कुलपात आहेत, आणि टीकाकाराच्या हाती आहे ती काही मिनिटांची झलक.

पहिल्या राजपुत्राचे मात्र वेगळे झाले. 1989 च्या खेळाची मूळ आज्ञावली मेक्नरला कित्येक वर्षे सापडत नव्हती. 2012 मध्ये त्याच्या वडिलांना घरातील कपाटाच्या मागच्या बाजूला एका खोक्यात जुन्या फ्लॉपी मिळाल्या. जाणकारांच्या मदतीने, जुने यंत्र चालू करून, त्यांवरील मजकूर उतरवून घेण्यात आला, आणि मेक्नरने तो कोणालाही वाचता येईल असा खुला करून ठेवला. तो आज तेथे आहे.