सर्वनाम नेमके कशाऐवजी?

रेन आणि मार्टिन यांचे १९३०च्या दशकातील इंग्रजी व्याकरण आपल्याकडे आजही वापरात आहे. नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम, ही त्यातील व्याख्या मुले पाठ करतात. विज्ञानातील विधानासारखी ती तपासून पाहू.

'द बुक ऑन द टेबल' यात 'बुक' हे नाम. त्याऐवजी 'इट' घातल्यास 'द इट ऑन द टेबल' असे होते. असे इंग्रजीत कोणी बोलत नाही. म्हणजे 'इट' केवळ नामाची नव्हे, साऱ्या पदसमूहाची जागा घेते.

'वन'चे वर्तन निराळे. 'द वन ऑन द टेबल' रोजच्या बोलण्यातले आहे. 'द बुक ऑफ पोएम्स'चे 'द वन ऑफ पोएम्स' मात्र कानाला खटकते. पुस्तक कोठे आहे, ही वरची माहिती. ती सुटी राहू शकते. ते कशाचे आहे, हे सांगणारे शब्द नामाला घट्ट चिकटलेले असतात. 'वन' त्यांनाही आपल्यात सामावून घेतो.

व्याख्या साफ चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. ती अपुरी आहे. शिक्षकांनी फळ्यावर शब्द बदलून दाखवावेत आणि कोणती वाक्ये मोडतात ते मुलांनाच ठरवू द्यावे. नियम त्यानंतर लिहावा.