पुढारी आणि त्याचीं माणसें

मराठींत थोर पुरुषांचीं चरित्रें पुष्कळ झालीं. परंतु त्या थोर पुरुषानें अडचणीच्या काळीं आपल्या माणसांबरोबर काम कसें केलें, हें सांगणारीं फार थोडीं. संकटांत पुढाऱ्याची परीक्षा होते असें आपण म्हणतों. त्या परीक्षेस त्याच्याबरोबर आणखी किती जण बसलेले असतात ह्याची नोंद ठेवण्याचें कोणास सुचत नाहीं. कॉ. रामचंद्र बाबाजी मोरे ह्यांचें आत्मकथन पुन्हां वाचतांना ही उणीव आम्हांस विशेष जाणवली. मोरे १९७२ मध्यें वारले, लेखन अपुरेंच राहिलें, आणि तें त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे ह्यांनीं लिहिलेल्या चरित्राबरोबर २००३ मध्यें प्रसिद्ध झालें.

मोरे महाड तालुक्यांतील लाडवलीचे. लाडवली, दासगांव, तुडील अशा गांवांहून बाजारहाटासाठीं वा कोर्टकचेरीसाठीं महाडास आलेल्या अस्पृश्य माणसाला तहान लागली तर त्यानें काय करावें, इतका साधा प्रश्न त्या हकीकतीच्या मुळाशीं आहे. मुंबई कौन्सिलांत रावबहादुर बोले ह्यांचा ठराव १९२३ मध्यें संमत झाला. महाड म्युनिसिपालिटीनें १९२४ मध्यें चवदार तळें सर्वांस मोकळें केलें. तथापि तळ्याचें पाणी अस्पृश्यांस दूरच राहिलें. कागदावरचा हक्क तळ्याच्या पायऱ्या उतरावा म्हणून हिंडणारीं माणसें लागतात. तीं येथें मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे ह्यांच्या रूपानें भेटतात.

१९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेसाठीं पिण्याचें पाणी ४० रुपयांस विकत घ्यावें लागलें. तळ्यावर पाणी प्याल्यानंतर वीरेश्वराच्या देवळाविषयीं खोटी अफवा उठून मंडळींवर हल्ला झाला, आणि प्रतिकारास उतावीळ झालेल्या आपल्या लोकांना डॉ. आंबेडकरांनीं आवरून धरलें. हा प्रसंग चरित्रकारांस प्रिय आहे, आणि तें योग्यच होय.

पण आमच्या मतें खरी कसोटी डिसेंबरांतील. व्यापारी माल देणार नाहींत हें ठाऊक असल्यानें दहा दिवसांचें धान्य अगोदर आणून ठेवलेलें. मांडवास जागा मिळेना, ती एका मुसलमान गृहस्थानें दिलेली. तळ्यावर जाण्यास कोर्टाचा मनाई हुकूम. आणि सत्याग्रहासाठीं नांवें दिलेलीं सुमारें चार हजार माणसें! ज्या कामासाठीं त्यांना बोलावलें तेंच आतां करूं नका, असें सांगण्याची पाळी पुढाऱ्यावर आली. त्यांनीं कलेक्टरास मांडवांत बोलूं दिलें. सत्याग्रहाच्या बाजूचीं तापलेलीं भाषणेंही होऊं दिलीं. मगच तहकुबीचा ठराव सभेपुढें आला, आणि लोकांनीं तो मानला.

कां मानला? चरित्रकार येथें 'अलौकिक प्रभाव' म्हणून मोकळे होतात. आमचीं पंचवीसएक वर्षें कॉलेजांतील समित्यांत गेलीं. वरिष्ठांनीं निर्णय खिशांत घालून यावें व नंतर सर्वांचीं मतें विचारावीं, हा सोहळा आम्हीं इतक्यांदा पाहिला आहे कीं नुसत्या प्रभावावर आमचा विश्वास उरलेला नाहीं. महाडास माणसांना विरुद्ध बोलतां आलें, आणि बोलून झाल्यावरही तीं परकीं झालीं नाहींत. आमच्या समजुतीप्रमाणें कारण तें. मोऱ्यांचेंच उदाहरण घ्या. १९३० मध्यें ते कम्युनिस्ट पक्षांत गेले, वाट निराळी झाली, परंतु डॉ. आंबेडकरांशीं असलेला त्यांचा जिव्हाळा तुटला नाहीं.

ती तहकुबी स्वस्त पडली असें मात्र कोणीं म्हणूं नये. हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागावयास १७ मार्च १९३७ उजाडला. मधल्या वर्षांत नांव दिलेल्या त्या चार हजारांतील किती जण तळ्याचें पाणी न पितां गेले असतील! एवढी किंमत आपल्याच माणसांकडून मागणाऱ्या निर्णयाचें चित्रण दोन वाक्यांत आटोपणाऱ्या चरित्रकारावर आमचा राग आहे. पुढें जो कोणी महाडवर लिहील त्यानें पुतळ्यापाशीं थोडें कमी थांबावें, आणि तें दहा दिवसांचें धान्य कोठून आलें, कोणीं वाहून आणलें, चुलीपाशीं कोण बसलें होतें, ह्याचा आधीं शोध घ्यावा.